स्थावर, जंगम आणि मधला खुंट

मराठीत मालमत्तेची विभागणी स्थावर आणि जंगम अशा दोन शब्दांत होते. जमीन, घर, विहीर हे स्थावर. भांडीकुंडी, गुरेढोरे, दागदागिने हे जंगम. या विभागणीत माणूस स्वतः कुठेच नसतो. तो मालक म्हणून दोहोंच्या बाहेर उभा असतो आणि दोहोंकडे सारख्याच नजरेने पाहतो. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिमेस मांगाराई नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या खेड्यांतील जमिनीची व्यवस्था समजून घेताना ही जोडी अपुरी पडते, कारण तिथे माणूस व्यवस्थेच्या बाहेर उभा राहूच शकत नाही.

मांगाराईतील सामूहिक शेताला लिंगको म्हणतात. ते गोलाकार असते. मध्यभागी, ज्याला लोडोक म्हणतात तिथे, लाकडी खुंट रोवला जातो आणि त्या बिंदूपासून बाहेरच्या कडेपर्यंत सरळ रेषा ओढून वाटे पाडले जातात. वाटा मोजण्याचे माप म्हणजे हाताचे बोट, मोसो. मध्यावर बोटभर असलेली जागा कडेशी पोहोचेपर्यंत ऐसपैस पसरते. कुणाला किती बोटे द्यायची हे तुआ तेनो हा जमिनीचा जाणता ठरवतो. सर्वांना सारखे मिळते असे नाही. मानानुसार बोटे वाढतात. रुतेंगजवळच्या चांचार येथील भातखाचरे टेकडीवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात ती यामुळेच. प्रवासी त्यांची छायाचित्रे काढतात आणि त्यांना नक्षी म्हणतात. प्रत्यक्षात तो वाटणीचा कागद आहे, जमिनीवरच लिहिलेला. सातबाऱ्यावर आपला वाटा बांधापासून सुरू होतो, म्हणजे शेजारी जिथे संपतो तिथून. लिंगकोत तो मध्यापासून सुरू होतो, म्हणजे सर्वांचे जिथे एकत्र येते तिथून.

हीच रचना घरातही आहे. वाए रेबो या डोंगरातल्या गावात म्बारू निआंग नावाची शंकूच्या आकाराची सात घरे आहेत. एकेका घरात अनेक कुटुंबे राहतात. घराला पाच मजले असतात. खाली माणसे, त्यावर रोजच्या वापरातले सामान, त्याच्याही वर पेरणीचे बियाणे, चौथ्या मजल्यावर दुष्काळासाठी राखलेले धान्य आणि अगदी शेंड्याशी पूर्वजांचा नैवेद्य. जंगम मालमत्तेची ही मांडणी पाहिली की या समाजाचा अग्रक्रम वेगळ्याने सांगावा लागत नाही. आज खायचे ते हाताशी आणि उद्या पेरायचे ते हाताला सहज लागणार नाही अशा उंचीवर.

मुख्य घरात गावाचा ढोल असतो, म्हणून त्याला गेंडांग म्हणतात. मांगाराईत एक म्हण आहे, ‘गेंडांगन ओने, लिंगकोन पेआंग’. ढोलाचे घर आत, शेत बाहेर. वरवर हे साधे वर्णन वाटते, पण तो जमिनीचा कायदा आहे. ज्या गावाला ढोलाचे घर आहे त्यालाच लिंगको आहे, आणि लिंगको नसेल तर ढोलाच्या घराला अर्थ नाही. घर आणि शेत ही एकाच हक्काची आतली आणि बाहेरची बाजू.

हा हक्क राज्यसंस्थेला कधीच नीट पेलला नाही. मालकी सिद्ध करता येत नाही ती जमीन सरकारची, हे तत्त्व डच सत्तेने १८७० मध्ये आधी जावा-मादुरासाठी जाहीर केले आणि पुढे ते इतर बेटांवर नेले. लायडनचे कायदेपंडित फान फोलनहोफन यांनी त्यावर आयुष्यभर टीका केली. स्वतंत्र इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमी कायद्याने ते तत्त्व रद्द केले आणि समूहाच्या पारंपरिक जमीनहक्काला, हाक उलायातला, मान्यता दिली. पण ‘तो प्रत्यक्षात अस्तित्वात असेल तोवर’ आणि ‘राष्ट्रहिताला धरून असेल तर’ अशा दोन अटींसह. परंपरागत समूहांचे जंगल हे सरकारी जंगल नव्हे, हे सांगायला तिथल्या घटना न्यायालयाला २०१३ साल उजाडावे लागले.

आता प्रवासाकडे येऊ. वाए रेबोला ‘दुर्गम’ म्हणण्याची पद्धत आहे. देंगे गावापासून पुढे काही तासांची चढण पायी करावी लागते, म्हणून. पण दुर्गम हा शब्द नेहमी बाहेरून येणाऱ्याचा असतो. तिथली माणसे या वाटेने सदैव ये-जा करीत आली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शासनाने डोंगरातल्या वस्त्या खाली आणण्याचे धोरण राबवले, आणि वाए रेबोची कोंबो ही सखल भागातली दुसरी वस्ती वाढली. शाळा खाली, कॉफीचे मळे वर. मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन अॅलर्टन यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात या दोन ठिकाणी नांदणाऱ्या एकाच गावाचा अभ्यास मांडला आहे. कॉफीची पोती, शाळकरी मुले, लग्नाची वऱ्हाडे सारे याच वाटेने जाते. जमीन स्थावर राहावी म्हणून माणसांनी जंगम व्हायचे, असा हा व्यवहार आहे.

त्यात सर्वाधिक जंगम होते ती मुलगी. मांगाराईत मुलगा जन्मला तर ‘आता ओने’, आतला माणूस. मुलगी जन्मली तर ‘आता पेआंग’, बाहेरची. म्हणीतलेच दोन शब्द. शेत बाहेरचे असूनही घराचे असते. मुलगी मात्र बाहेरची म्हणून जमिनीच्या वारशातूनही सहसा बाहेर राहते. सामूहिक मालकीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे वाक्य वगळू नये, असे आमचे मत आहे. मधल्या खुंटावर तिचे बोट कधी टेकत नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वाए रेबोच्या सात घरांपैकी चारच उरली होती. इंडोनेशियातील वास्तुविशारद योरी अंतार यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांच्याच हातांनी, उरलेली पुन्हा उभी राहिली. २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला मिळाला. पर्यटक वाढले आणि त्यांच्याबरोबर रोख पैसाही आला. यात वाईट काही नाही. घर बांधण्याचे ज्ञान विस्मरणात जाण्याआधी पुढच्या पिढीच्या हाती आले, ही मोठीच गोष्ट आहे.

पण पुरस्कार म्हणीच्या पहिल्या अर्ध्याला मिळाला. दुसऱ्या अर्ध्याचे काय होते ते त्याच मांगाराईतील पोचो लेओक या परिसरात दिसते. २०१७ मध्ये शासनाने फ्लोरेसला ‘भूऔष्णिक बेट’ घोषित केले, आणि उलुंबू येथील वीजप्रकल्पाचा विस्तार पोचो लेओकच्या लिंगकोंमध्ये करायचे ठरले. काही गावकऱ्यांनी संमती दिली, अनेकांनी वाट अडवली. शासनाच्या बाजूने स्वच्छ ऊर्जेचा युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. मात्र विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मोबदल्याच्या भाषेत बसत नाही. लिंगको गेले तर ढोलाचे घर नुसते घर उरेल, असे ते सांगतात. भूसंपादनाच्या अर्जात या नुकसानीसाठी रकाना नसतो.

आमच्या मते प्रश्न परंपरा हवी की विकास, असा नाहीच. जे राज्य म्बारू निआंगचे चित्र पर्यटनाच्या जाहिरातीत अभिमानाने छापते, त्याने त्या घराच्या नियमालाही कायद्यात जागा द्यायला हवी. ढोलाच्या घराची संमती ही जमिनीच्या व्यवहाराची पहिली अट असली पाहिजे. आणि ती संमती मोजताना गावानेही आपल्या ‘बाहेरच्या’ लेकींना विचारले पाहिजे. दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात. एकीच्या आडून दुसरी टाळण्याची सोय शासनालाही नसावी आणि गावालाही.