जाहिरातीचा हिशेब वहीत मांडा

आमच्या वस्तीत एक भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करतात. गेल्या वर्षी बचतगटाचे कर्ज काढून त्यांनी छापील टेलिफोन डिरेक्टरीत ६,००० रुपयांची जाहिरात दिली. यंदा एजंट पुन्हा दारात आला. भाऊ म्हणाले, "दादा, देऊ का?"

एकेकाळी लोक पिवळी पाने चाळूनच कारागीर शोधत. १९९५ साली 'टाटा प्रेस'च्या पिवळ्या पानांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जाहिरात करणे हेही घटनेच्या १९व्या कलमातील भाषणस्वातंत्र्यात मोडते. हक्क आहेच, पण फायद्याचे काय? आज गिऱ्हाईक मोबाईलवर शोधते आणि गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते.

आम्ही हिशेब मांडला. एका कामामागे १५० रुपये सुटतात; म्हणजे ६,००० वसूल व्हायला ४० नवी गिऱ्हाइके हवीत. महिनाभर भाऊंनी प्रत्येकाला "पत्ता कुठून मिळाला?" असे विचारून वहीत लिहिले. बहुतेक जण ओळखीतून आले होते, काही मोबाईलवरून. डिरेक्टरीतून एकही नाही.

तुमच्या धंद्यात वेगळे असू शकेल. म्हणून एजंटला आधी विचारा, प्रती किती छापता, वाटता कुठे? ते लेखी घ्या. आणि कर्ज काढून जाहिरात मुळीच देऊ नका.