शर्यतीची मोटार आणि तिचा इंधनकोश

‘फ्युएल सेल’ हे इंग्रजी नाव दोन अगदी भिन्न वस्तूंना दिले जाते. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण करणारा इंधनघट ही एक वस्तू. आणि शर्यतीच्या मोटारीत पेट्रोल साठविण्यासाठी बसविलेली विशेष प्रकारची टाकी ही दुसरी. या दुसरीला ‘इंधनकोश’ म्हणणे उचित होईल. कारण कठीण कवचात मऊ पिशवी, अशीच तिची रचना असते. हौसेने शर्यतपथावर उतरणाऱ्या पुष्कळांचा असा समज असतो की, कोश विकत घेऊन बसविला म्हणजे मोटार सुरक्षित झाली. हा समज पारखून घेणे अगत्याचे आहे. भलत्या जागी अगर निष्काळजीपणे बसविलेला उत्तम कोश हा कारखान्यातून आलेल्या साध्या टाकीहूनही घातक ठरू शकतो.

कोशाची आवश्यकता पेट्रोलच्या स्वभावातूनच उद्भवते. उणे ४० अंश सेल्सियसच्या सुमारासही पेट्रोलमधून पेट घेण्याजोगी वाफ निघते. हवेत या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. २४ मे १९६४ रोजी अमेरिकेतील शार्लट येथील शर्यतीत ‘फायरबॉल’ रॉबर्ट्स हा नामांकित चालक आगीत सापडला व पुढे २ जुलै रोजी मरण पावला. त्याच्या अपघातानंतर सहाच दिवसांनी, ३० मे रोजी, इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत पेट्रोलचा प्रचंड भडका उडून एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनल्ड हे दोघे चालक प्राणास मुकले. या दुर्घटनांनी टाकीचा प्रश्न ऐरणीवर आणला. लढाऊ विमानांसाठी रबरी टाक्या दुसऱ्या महायुद्धातच वापरात आल्या होत्या. आता तीच कल्पना मोटारीसाठी राबविण्यात आली.

कोशाचे तीन भाग असतात. बाहेर धातूची पेटी. तिच्या आत रबराचा लेप दिलेल्या बळकट कापडाची पिशवी. आणि पिशवीत स्पंजासारखा सच्छिद्र पॉलियुरेथेनचा फोम. पत्रा आघाताने फाटतो, पिशवी मात्र दुमडते व आकार बदलून तग धरते. फोम टाकीच्या आकारमानाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग व्यापतो; परंतु तो इंधनाचे हेलकावे मोडतो आणि ज्योतीची उष्णता शोषून स्फोटाचा जोर कमी करतो.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रमाणपत्र. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या एफटी३, एफटी३.५ व एफटी५ या चढत्या क्रमाच्या तीन श्रेणी आहेत. दुसरी, उत्पादनाची तारीख. महासंघाच्या नियमानुसार पिशवीचे आयुष्य पाच वर्षांचे असते. उत्पादकाने तपासून प्रमाणित केल्यास ते फार तर आणखी दोन वर्षे वाढते. स्वस्तात मिळालेली जुनी पिशवी म्हणूनच खरोखर स्वस्त नसते. तिसरी, इंधनाशी जुळणी. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि प्रत्येक फोम वा रबर इथेनॉल सोसतेच असे नाही. गाळणीत फोमचा भुगा दिसू लागला, तर फोम बदलण्याची वेळ आली असे समजावे.

तथापि निवडीहून बसवणूक अधिक महत्त्वाची आहे. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँची मोटार ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली व पेटली. ग्रोजाँ २७ सेकंदांत बाहेर पडला आणि हात भाजले तरी वाचला. महासंघाच्या चौकशीत आढळले की, टाकीच्या तपासणीचे झाकण निखळले होते आणि इंजिनाकडे जाणाऱ्या इंधननळीचा जोड पिशवीपासून उपटला गेला होता. जगातील सर्वांत कडक नियमांखाली बांधलेल्या मोटारीतही इंधनाला मुख्य वाट मिळाली ती झाकणातून आणि जोडातून. मग घरच्या गॅरेजात केलेल्या जोडांविषयी किती दक्षता हवी, हे निराळे सांगावयास नको.

आजच्या बहुतेक साध्या मोटारींची टाकी मागील आसनाखाली, मागच्या चाकांच्या पुढे, चहूबाजूंनी सांगाड्याचे संरक्षण असलेल्या जागी असते. ती काढून कोश डिकीत ठेवला, की इंधन नेमके मागून बसणाऱ्या धडकेच्या टप्प्यात येते. यासाठी तो शक्य तितका पुढे घ्यावा. पेटी नुसत्या पत्र्याला न कसता सांगाड्याला जोडलेल्या पोलादी चौकटीत बांधावी. चालक व इंधन यांच्यामध्ये धातूची अखंड आडभिंत असावी. तीत एकही फट राहू देऊ नये. हवेची नळी मोटारीबाहेर काढून तिला मोटार उलटताच बंद होणारी झडप बसवावी. नळ्यांना टाकीपाशी थोडी ढील ठेवावी. तुटताच दोन्ही तोंडे आपोआप बंद करणारे जोड मिळाले तर उत्तमच. इंजिन थांबताच पंपही थांबला पाहिजे, आणि भरणीच्या धातूच्या तोंडाची तार सांगाड्याला जोडलेली हवी. अन्यथा स्थिर विद्युत ठिणगी पाडू शकते.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जातो. परंतु इंजिनाची शक्ती वाढविण्यास जो सहज पैसा काढतो, त्याने आडभिंतीच्या पत्र्यासाठी हात आखडावा, हे समर्थनीय नाही. ज्याला एवढे काम नीट करणे शक्य नाही, त्याने मूळ टाकी जागेवर ठेवून फक्त गरजेपुरते पेट्रोल भरावे; त्यात कमीपणा नाही. शर्यतींच्या तपासनिसांनीही कोशावरील शिक्का पाहून समाधान मानू नये. इरुंगट्टुकोट्टाई असो, कोइमतूर असो की ग्रेटर नोएडा, मोटार पथावर सोडण्यापूर्वी डिकी उघडून बोल्ट, आडभिंत, नळ्या आणि पिशवीवरील तारीख पाहण्यास फार तर दहा मिनिटे लागतील. ती दहा मिनिटे नियमाने सक्तीची करावीत.