तारखेआधीची फेरी

बालअस्थिरोग ओपीडीत न ठरवता होणाऱ्या फेऱ्यांचं खापर आपण बहुतेक वेळा पालकांवर फोडतो. प्लास्टर भिजवलं, पोरगं ऐकत नाही, सांगितलेलं पाळलं नाही. तक्रारी खऱ्याच असतात, पण तारखेआधी आलेल्या मुलांचे केसपेपर नीट वाचले तर त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांचं मूळ पहिल्या दिवशीच्या आपल्या प्लास्टर रूममध्ये सापडतं.

सर्वांत सरळ उदाहरण कच्च्या प्लास्टरचं. मनगटाला सूज असताना घातलेला स्लॅब सूज उतरल्यावर ढिला होणार, यात अनपेक्षित काही नाही. तरी आपण दोन आठवड्यांनंतरची तारीख देतो आणि पाचव्या दिवशी आई स्लॅब हातात धरून आली की वैतागतो. ती फेरी टळणारी नाहीच, मग तिला तारीख तरी द्यावी. गावाहून येणाऱ्या बापाचा खाडा होतो, तो निदान एकदाच आणि आधी माहीत असलेल्या दिवशी व्हावा.

पक्क्या प्लास्टरची गोष्ट हातकामाची आहे. फोरआर्मचं प्लास्टर नळकांड्यासारखं गोल झालं की आत हाड सरकायला वाव मिळतो. लॅटरल एक्स-रेवरची प्लास्टरची आतली रुंदी भागिले एपीवरची आतली रुंदी, हे गणित मिनिटभराचं आहे, उत्तर 0.8 च्या वर गेलं तर मूल टेबलावर असतानाच पुन्हा विचार करावा. क्लबफूटमध्येही तेच. पोन्सेटी पद्धतीत प्लास्टर मांडीपर्यंत आणि गुडघा नव्वद अंशात हवा. ‘एवढंसं तर पाऊल’ म्हणून कोणी गुडघ्याखालीच थांबलं की ते निसटतं, आणि निसटलेलं प्लास्टर पायावर राहणं हे प्लास्टर नसण्यापेक्षा वाईट. बोटं आत ओढली गेलेली दिसली की वाट न पाहता यायचं, हे आईला तिच्याच बाळाची बोटं दाखवून सांगावं लागतं.

काही फेऱ्या तर मुळातच नको आहेत. मनगटाच्या बकल फ्रॅक्चरला ब्रिटनच्या नाइसने 2016 मध्येच पक्कं प्लास्टर घालू नका आणि सहसा पुन्हा बोलावू नका असं सांगितलं. 2022 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या फोर्स चाचणीत 965 मुलं होती. साधं बँडेज देऊन घरी पाठवलेल्या आणि हात स्थिर ठेवलेल्या मुलांच्या वेदनांत तिसऱ्या दिवशी फरक दिसला नाही. आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. ‘डॉक्टरांनी काहीच केलं नाही’ असं वाटलेलं घर संध्याकाळी हाडवैद्याकडे जातं आणि तिथे बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या जातात. म्हणून काढता येणारा स्प्लिंट द्यावा आणि प्लास्टर का नको, हे बोलायला पाच मिनिटं काढावीत. ती पाच मिनिटं गर्दीच्या ओपीडीत मिळत नाहीत, हे खरंच आहे. पण प्लास्टर रूममधल्या ब्रदरला ती मिळतात, आणि त्याचं बोलणं लोक आपल्यापेक्षा जास्त मनावर घेतात.

एक धोका मात्र ओळखून असावं. फेऱ्यांचा आकडा खाली आणायचा म्हटलं की कोणीतरी उत्साहाने पालकांना ‘थोडं दुखणारच, उगाच येऊ नका’ असं सांगायला लागतं. कोपराच्या सुप्राकॉन्डिलर फ्रॅक्चरनंतर रात्रभर रडणारं, औषध देऊनही शांत न होणारं, बोटं सरळ केली की किंचाळणारं मूल पहाटे दोनला आलं तर ती फेरी आपल्याला हवीच आहे. लहान मूल ‘हात बधिर झालाय’ असं सांगत नाही. वाढती बेचैनी आणि वेदनाशामकाची वाढती गरज हीच त्याची भाषा. घट्ट प्लास्टरखाली गेलेले काही तास व्होल्कमनच्या आकुंचनात आयुष्यभर दिसत राहतात. ‘दुखलं तर या’ हे वाक्य इथे कुचकामी, कारण दुखतं सगळ्यांनाच.

तेव्हा नुसता आकडा मोजून भागणार नाही. प्लास्टर रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा: तारखेआधी का आले? ढिलं, ओलं, घट्ट, आत पेन्सिल गेली, नुसती शंका. एका शब्दात आणि ब्रदरच्या हातानेच. महिनाअखेरीस तो रकाना युनिटमध्ये मोठ्याने वाचावा, कोणी घातलेलं प्लास्टर होतं त्यासकट. आणि पुढची तारीख व फोन नंबर केसपेपरसोबत थेट प्लास्टरवर मार्करने लिहावा, कारण केसपेपर पिशवीत राहतो आणि पिशवी काकूच्या घरी. रात्री तो फोन कोण उचलणार, हे मात्र नंबर लिहिण्याआधी ठरवावं.