पट्टी सैल धरणारा हात

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या म्हसावदकडच्या एखाद्या अंगणवाडीत पोराच्या दंडाला गुंडाळतात ती कुपोषण मोजायची तीनरंगी पट्टी जवळून पाहा. 11.5 सेंटिमीटरच्या आत लाल, 12.5 पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. पट्टी केसभर सैल धरली की लाल दंड पिवळा होतो. मांस फक्त कागदावर चढतं.

सेविका ताई लबाड आहे म्हणून पट्टी सैल पडते, असं कुणी समजू नये. पाड्यापाड्यावर हिंडून जिने जास्त लाल पोरं हुडकली, मासिक बैठकीत उभं राहून बोलणी तिनेच खायची. जिच्या वहीत सगळं हिरवं, तिचं कौतुक! असा उफराटा न्याय असल्यावर ताई काय शिकणार? 2021 साली राज्यभरातल्या सेविकांनी निकृष्ट फोन आणि नोंदीच्या इंग्रजी ॲपला वैतागून सरकारी मोबाइल परत केले. आपल्याला त्यातही नुसता मोर्चाच दिसला.

2018 पासून नंदुरबार केंद्र सरकारच्या यादीत ‘आकांक्षित’ जिल्हा आहे. 49 निर्देशकांवर त्याचे गुण मोजतात, कोण किती पुढे सरकला याची क्रमवारी लावतात. मोजूच नये, असं मी म्हणणार नाही. मोजमाप नव्हतं तेव्हा भूक कुणाच्या खिजगणतीत नव्हती. पण क्रमांकावरच ज्याची पाठ थोपटली जाते, तो साहेब हळूहळू पाड्यावर जायचं सोडतो आणि पडद्यावरच्या जिल्ह्याचा कारभार करू लागतो. साहेबाला तरी किती बोलायचं? ‘नंबर कितवा?’ हे आधी आपणच विचारतो, पोराच्या निकालाला विचारतो तसं.

सोयीचं तेवढंच मोजायची ही खोड जुनी आहे. 1971 मध्ये याच शहादा तालुक्यात, पाटीलवाडीला, धान्य मागायला आलेल्या भिल्लांवर गोळीबार झाला. एकरी उतारा तेव्हाही चोख मोजला जात होता. सालदाराच्या चुलीवर काय शिजतं, याचा रकाना कुठल्या वहीत होता?

आजच्या वहीत रकाने भरपूर आहेत, गळतीही तेवढीच. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पोरांसकट गुजरातेत ऊस तोडायला जातात. टक्केवारी निघते ती वजन झालेल्या पोरांची. सगळ्यात अशक्त पोर फडात, पाचटावर निजलेलं; इकडे अंगणवाडीचा आलेख सुधारतो.

होळीला टोळ्या परततात. तेच पोर पुन्हा काट्यावर येतं आणि आलेख घसरतो. मग बैठकीत साहेब विचारतात, ‘‘ताई, तुमचं काम एकदम ढिलं कसं पडलं?’’