मंद आचेवरची कोंबडी, बटाटा आणि सर्वांचे ताट



कष्टकऱ्याच्या घरी रविवार म्हणजे सुट्टी, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण घरातल्या बाईला विचारा. आठवड्याचे धुणे, रेशन, मुलांचे दप्तर, सकाळी विहारात वंदना आणि त्यातच "आज कोंबडी कर" ही फर्माईश. म्हणून या वेळी आम्ही असा बेत देत आहोत की, सुरुवातीचा अर्धा तास हात चालवला की पुढचे काम मंद आच करील. कोंबडी-बटाट्याचा दाट रस्सा आणि सोबत ज्वारीची भाकरी. पावसाच्या दिवसांत कामावरून भिजून आलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा नाही.

आधी कोंबडीविषयी. मंद आचेवर शिजवायचे असेल तर तंगडीचे, मांडीचे आणि हाडांचे तुकडे जास्त घ्यावेत. त्या मांसातील चिवट पडदे ओलसर आचेवर हळूहळू विरघळतात आणि रश्शाला चिकटपणा व दाटपणा देतात. छातीचे मांस मात्र जास्त वेळ ठेवले तर कोरडे, चोथ्यासारखे होते. दुकानदाराला १ किलोचे १५-१६ तुकडे करायला सांगावे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता बटाटा. सहा माणसांच्या घराला १ किलो कोंबडी पुरत नाही, हे आपण सारेच जाणतो. अर्धा किलो बटाटा घातला की तीच कोंबडी पुरून उरते. शिवाय रस्सा पिऊन बटाटा इतका चवदार होतो की लहान मुले आधी तोच मागतात. हे कंद परदेशातून आपल्याकडे आले आणि 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला. आज मात्र आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारासारखा भाग बटाट्यासाठीच ओळखला जातो.

साहित्य : कोंबडी १ किलो, मध्यम बटाटे ५, कांदे ४, टोमॅटो १, सुके खोबरे अर्धी वाटी, लसणाच्या १२-१५ पाकळ्या, २ इंच आले, मूठभर कोथिंबीर, हळद १ चमचा, काळा मसाला २ मोठे चमचे, तेल ३ मोठे चमचे, चवीप्रमाणे मीठ. मराठवाड्यातल्या घरात येसूर असेलच, तो २ चमचे. भाजलेले धान्य, डाळ आणि मसाले यांचे हे पीठ रस्सा दाट करते. येसूर नसेल तर भाजलेले शेंगदाणे खोबऱ्यासोबत वाटावेत.

कृती : कांदे-बटाटे आधी चिरून घ्यावेत, कोंबडी नंतर हाताळावी. कच्च्या कोंबडीचे पाणी इतर भांड्यांवर उडू देऊ नये. विळी आणि हात साबणाने धुवावेत. तुकड्यांना हळद, मीठ आणि निम्मे आले-लसूण चोळून अर्धा तास ठेवावे. तेवढ्यात दोन कांदे व खोबरे भाजून उरलेल्या आले-लसूण-कोथिंबिरीसह वाटून घ्यावे.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून उरलेले दोन कांदे बारीक चिरून लाल होईपर्यंत परतावेत. कोंबडी घालून मोठ्या आचेवर ५-७ मिनिटे परतावी. मग आच अगदी बारीक करून पातेल्यावर खोलगट झाकण ठेवावे आणि त्या झाकणात पाणी ओतावे. ही आपल्या आज्यांची युक्ती आहे. वाफ वर जाते, थंड झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा पातेल्यात पडतात. त्यामुळे कोंबडी स्वतःच्याच पाण्यात शिजते, बुडाला लागत नाही. झाकणातले पाणी गरम झाले की रश्शासाठी तेच वापरावे आणि झाकणात पुन्हा गार पाणी भरावे. रश्शात गार पाणी कधी घालू नये, शिजणे थांबते.

वीस मिनिटांनी वाटण, काळा मसाला आणि येसूर घालावा. बटाट्याचे सालासकट दोन-दोन भाग करून सोडावेत. तीन-चार वाट्या गरम पाणी घालून एक उकळी आणावी आणि पुन्हा बारीक आचेवर अर्धा तास ठेवावे. टोमॅटो अगदी शेवटी, बटाटा मऊ झाल्यावर घालावा. आंबट आधी घातले तर बटाटा लवकर शिजत नाही. गावरान कोंबडी असेल तर तिला दीड-दोन तास लागतात, तेव्हा बटाटे शेवटच्या पाऊण तासात टाकावेत. झाकण सारखे उघडून पाहू नये. प्रत्येक वेळी वाफ जाते आणि गॅस वाया जातो.

गॅस वाचवायचा असेल तर आणखी एक उपाय. महायुद्धाच्या काळात युरोपात इंधन वाचवण्यासाठी लोक उकळते भांडे गवत भरलेल्या पेटीत ठेवून जेवण शिजवत. आपल्याकडे गोधडी आहे. बटाटे घातल्यावर रस्सा वीस मिनिटे चांगला उकळू द्यावा, झाकण न उघडता पातेले उतरवून खाली-वर जाड गोधडी गुंडाळावी आणि दीड तास तसेच ठेवावे. पातेले बहुतेक भरलेले असावे, नाहीतर ते लवकर निवते. जेवणाआधी टोमॅटो घालून पुन्हा खळखळ उकळी आणावी. दिवसभर गुंडाळून मात्र ठेवू नये. कोमट राहिलेले मांस पोट बिघडवते.

काही घरांत आता विजेवर चालणारे मंद शिजवणीचे भांडे आले आहे. २०० वॅटचे भांडे ५ तास चालले तर १ युनिट वीज लागते. त्यात बटाटे तळाशी आणि कोंबडी वर ठेवावी, कारण अशा भांड्यात बटाट्याला मांसापेक्षा जास्त वेळ लागतो. गोठलेली कोंबडी त्यात टाकू नये. आपण बाहेर असताना वीज बराच वेळ गेली असेल तर ते जेवण टाकून द्यावे. जीव वाटतो, पण दवाखाना त्याहून महाग पडतो.

आता त्या १५-१६ तुकड्यांकडे वळू. अनेक घरांत आधी पुरुष, मग मुले, मग पाहुणे जेवतात आणि जिने धूर-वाफ खाल्ली तिच्या वाट्याला उरतो तो रस्सा आणि मान. समतेची भाषणे ऐकून आलेल्या घरात हे शोभत नाही. आमची सूचना साधी आहे. वाढण्याआधीच वाटे करावेत. सहा माणसे असतील तर प्रत्येकी दोन तुकडे, मुलीला मुलाइतकेच आणि आईलाही तेवढेच. उरलेले तीन-चार रात्रपाळीहून येणाऱ्यासाठी झाकून ठेवावेत. फ्रीज असेल तर दोन तासांच्या आत आत ठेवावे, नसेल तर त्याच रात्री पुन्हा उकळून संपवावे. आणि कोंबडी म्हटली की बाटली आलीच, असे मानणाऱ्या बंधूंना पंचशीलातील पाचव्या शीलाची आठवण करून देतो. बाटलीच्या पैशात आणखी एक कोंबडी येते.

"बौद्धांनी मांस खावे काय?" असे काही जण विचारतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी केलेली हत्या आणि हत्येची इच्छा यांत भेद दाखवला आहे. ज्यांना मांस सोडायचे आहे त्यांनी आनंदाने सोडावे. अनेक घरे पौर्णिमेला आणि वर्षावासात ते वर्ज्य करतात, त्यांचा आदर आहे. मात्र ताटावरून कोणाला कमी लेखणे हा धम्म नव्हे.

हे सांगण्याचे कारण आहे. मंद आचेवरच्या कोंबडीचा वास तासभर दरवळतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या काही भगिनी तो शेजारी जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून स्वयंपाक करतात. घर देताना आधी "नॉनव्हेज खाता का?" असे विचारले जाते आणि त्या प्रश्नाच्या आडून पुष्कळदा जातच विचारलेली असते. मुलेही शाळेत डबा उघडताना कचरतात. आपल्या वाडवडिलांवर गावगाड्याने मेलेल्या जनावराचे मांस लादले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना ते घरात येऊ देऊ नका असे बजावले आणि आपल्या आया-आज्यांनी ते उपाशी राहूनही पाळले. लाचारीचे अन्न त्यांनी नाकारले. आज आपण कष्टाच्या पैशाने, स्वच्छ दुकानातून विकत आणलेले खातो. यात लपवण्यासारखे काय आहे? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून आपल्या स्वयंपाकघरातले पदार्थ उजेडात मांडले, तेही याच भावनेने वाचावे.

घर जाईल ही भीती खरी आहे आणि ज्या भगिनीवर ती वेळ आहे तिला आम्ही दोष देत नाही. पण एवढे तरी जाणून घ्या की, बंद खोलीत तास-दीड तास गॅस जाळणे छातीला घातक असते, लहान मुलांना तर अधिकच. निदान तेवढ्यासाठी तरी खिडकी उघडी ठेवा. शेजारणीने विचारलेच तर एक वाटी रस्सा आणि अर्धी भाकरी पुढे करा. घेतली तर ओळख वाढेल, नाही घेतली तर आपल्या घरात एक वाटी जास्त उरेल.

पुढील अंकी भेटूच. जय भीम, नमो बुद्धाय.