बादलीच्या बुडाचा ठिपका

घरातली प्लास्टिकची बादली उलटी करून बघा. बुडाच्या मधोमध एक बारीक, खडबडीत ठिपका दिसेल. तिची नाळच म्हणा ना! तिथूनच वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं आणि बादली जन्माला आली.

इथे अ‍ॅशबर्नला चार मराठी डोकी जमली की गप्पा क्लाउडच्या नाहीतर डेटा सेंटरच्या. साहजिक आहे, गावच त्यासाठी ओळखलं जातं. पण इंजेक्शन मोल्डिंगचा विषय काढा, उत्तर ठरलेलं: "त्यात काय एवढं? दाणे ओतायचे, बटण दाबायचं!"

बटण दाबायचं, खरंय. तापलेल्या बॅरलमध्ये दाणे वितळतात, स्क्रू तो माल प्रचंड दाबाने साच्यात ढकलतो, पाणी फिरवून साचा थंड ठेवतात, मग तो उघडतो आणि पिना वस्तू बाहेर लोटतात. मशीन पैसे टाकले की मिळतं. डोकं लागतं ते साच्याला.

पॉलिप्रॉपिलीन थंड होताना साधारण एक-दोन टक्के आक्रसतं. म्हणून पोलादात वस्तू तेवढी मोठी कोरावी लागते. एखादी भिंत जाड राहिली तर ती उशिरा थंड होते आणि तिथे खळगा पडतो. भिंतीला किंचित उतार नसेल तर वस्तू साच्यातून सुटतच नाही. बादली खाली निमुळती असते ती काही फक्त एकात एक बसावी म्हणून नव्हे!

आमच्या व्हर्जिनियातच, इथून दोन-अडीच तासांवर चेस्टरफील्ड काउंटीत लेगोने एक अब्ज डॉलरहून मोठ्या कारखान्याची घोषणा २०२२ साली केली, २०२३ मध्ये भूमिपूजन झालं. १९५८ सालची लेगोची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. ही करामत मिलिमीटरच्या काही हजारांश भागापर्यंत अचूक असलेल्या साच्यांची आहे.

आता आपल्याकडे या. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे हीच विद्या शिकवतात. भोसरी-चाकणला टूलरूम आहेत. तरीही कित्येक कारखाने साचे चीनमधून मागवतात. साचा बाहेरचा म्हटल्यावर डिझाइनमध्ये जरा बदल करायचा तरी त्यांच्याच तोंडाकडे बघणं आलं. वस्तू आपली, पण तिचं गुपित दुसऱ्याच्या कपाटात!

यावर "आपल्या लोकांना हाताचं काम नको" असं म्हणून पालकांना झोडपणं सोपं आहे. मला ते पटत नाही. पालकांना हिशेब कळतो. एका साच्यातून मालक लाखो नग काढतो; तो घडवणाऱ्याला पगार मिळतो तो मात्र बेताचाच. मग मुलगा सॉफ्टवेअरकडे वळला तर त्याचं काय चुकलं? कौशल्याचे गोडवे गाऊन कोणाचं घर चालत नाही.

परदेशात बसून उपदेश सोपा, असं म्हणाल. म्हणा बापडे! पण एखादा मुलगा डाय मेकिंगला गेला असं कळलं तर "अरेरे, मार्क कमी पडले वाटतं" म्हणू नका, पगार किती ते विचारा. आणि तुम्हीच मालक असाल तर तो वाढवा.