मार्थाचा नाताळ



डिसेंबर उजाडला की माझ्या पोटात गोळा येतो. वसईच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या बाईने असे म्हणावे, हे अनेकींना खटकेल. लहानपणी मीही नाताळची वाट पाहायची. गोठ्यासाठी पेंढा आणायचा, चांदणी टांगायची, नवा फ्रॉक घालून रात्रीच्या मिस्साला जायचे. परत आल्यावर ताटात नेवऱ्या, कुलकुल, केक मांडलेला असे. तो कोणी, कधी केला, हा प्रश्न लग्न होईपर्यंत पडला नाही.

मग उत्तर मिळाले. घराची झाडलोट, पडदे धुणे, नारळ खवणे, पीठ मळणे, रात्री एकपर्यंत तळण, शेजारी वाटायची ताटे. वर नोकरी. मिस्साच्या वेळी बाकावर डुलक्या येतात. ज्याच्यासाठी सण, त्याच्याकडे लक्ष द्यायला त्राण उरत नाही.

हे एकट्या नाताळचे नाही. दिवाळीचा फराळ असो, गणपतीचे मोदक असोत की ईदचा शीरखुर्मा, चुलीपुढे बाईच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेली, तर ते करणाऱ्या पुरुषांची ८८. सणाच्या दिवसांत काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

गेल्या वर्षी मी जाहीर केले, "यंदा काही करणार नाही." नवरा म्हणाला, "नको करूस, विकत आणू." सासूबाई मात्र गप्प झाल्या. दोन दिवसांनी म्हणाल्या, "तुला नोकरी आहे, संघटना आहे. माझ्याकडे वर्षातून एकदा चार बायका कुलकुल वळायला येतात. तेही बंद करू का?"

मला उत्तर देता आले नाही. मी ज्याला ओझे म्हणत होते, ती त्यांची बैठक होती. आम्ही दोघींनी बसून यादी केली. कुलकुल वळणे राहिले. नेवऱ्या गावातल्याच एका बाईकडून पूर्ण पैसे मोजून घेतल्या. पडदे धुतलेच नाहीत. तळण नवऱ्याकडे आणि दिराकडे गेले. पहिला घाणा करपला. सासूबाई उठू लागल्या, मी त्यांचा हात धरून खाली बसवले.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था पाहुणचारात राबते, बहीण मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकते. मार्थाने तक्रार केली तेव्हा येशूने मरियेची बाजू घेतली. प्रवचनांत आम्ही मार्थाचीच चूक ऐकत आलो. पण त्या दिवशीचे जेवण शेवटी कोणी केले? मार्था बसली असती, तर उठायला कोण तयार होते?

आपल्या गटात सणाआधी अशी यादी करून पाहा : आवडते म्हणून काय करतो, लोक काय म्हणतील म्हणून काय करतो आणि घरातल्या पुरुषांनी काय उचलायचे. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय मात्र काहीही खोडू नका. काय घडले ते आम्हाला जरूर लिहून कळवा.